टेकडीवरून उतरल्यावरची भूक



आमची धाकटी पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी तयारी करते. सराव म्हणून रोज संध्याकाळी गिरडच्या टेकडीवर चढ-उतार. घरी येईस्तोवर अंधार, आणि आमच्याकडे सूर्यास्तानंतर अन्न नाही. ती तशीच झोपायची. मी शेजारणींना कौतुकाने सांगायची! मग सकाळी मांड्या धरून बसू लागली, तीन महिने पाळी आली नाही. माझं कौतुक तिथेच संपलं.

डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं, श्रमाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी थांबते, पुढे हाडंही कमजोर होतात. धावण्याने स्नायूंना बारीक इजा होते. ती भरून यायला व्यायामानंतर तास-दोन तासांत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, सोबत भात-पोळी.

नियम मोडायचा विषय तिने काढूच दिला नाही. मग वेळ बदलली. आता पहाटे धावते. घरी येईस्तोवर सूर्योदयाला दोन घडी होऊन जातात. आल्याआल्या गूळ-शेंगदाणे, पेलाभर तापवलेलं दूध (त्यात आठेक ग्रॅम प्रथिनं), मग ५० ग्रॅम मूगडाळीच्या पिठाची धिरडी, म्हणजे आणखी बाराएक ग्रॅम. दही द्विदलामुळे डाळीबरोबर नाही, ते दुपारी पोळी-भाजीसोबत. लोहासाठी उकडलेले हरभरे, वर लिंबू. संध्याकाळचं जेवण दिवस असतानाच, पण पोटभर.

गेल्या महिन्यात पाळी आली. आता दशलक्षणात दहा दिवस एकाशन करते म्हणते. मी म्हटलं, कर, पण तेवढे दिवस टेकडी बंद. त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.