जिन्यावरची यादी

६ डिसेंबर
१६४८ सालची हीच तारीख. वेस्टमिन्स्टरमध्ये कॉमन्स सभागृहाच्या जिन्यावर कर्नल थॉमस प्राइड यादी घेऊन उभा होता. सगळे सभासद त्याला चेहऱ्याने ठाऊक नव्हते, म्हणून शेजारी लॉर्ड ग्रे ऑफ ग्रोबी. हा स्वतः सभासद! तो ओळख पटवायचा, प्राइड वाट अडवायचा. प्राइड निदान हुकमाचा ताबेदार. मला हा ग्रे जास्त खटकतो. चाळीसेक जणांना धरलं आणि रात्री जवळच्या एका गुत्त्यात डांबलं. गुत्त्याचं नाव ‘नरक’. हे मी रचलेलं नाही.

७ डिसेंबर
प्राइडच्या अडवणुकीच्या आदल्याच दिवशी सभागृहाने १२९ विरुद्ध ८३ मतांनी राजाशी समझोत्याची वाट मोकळी ठेवली होती. लष्कराला ते नको होतं. लष्करातल्या आयर्टनच्या मनात संसद बरखास्तच करायची होती. आतल्या मित्रांनी त्याला छाटणीवर राजी केलं. शिवाय १६४१चा कायदा होताच: संसदेच्या स्वतःच्या संमतीवाचून ती बरखास्त होणार नाही. राजाला वेसण म्हणून केलेला. छाटणीत निदान पाटी तीच राहिली. उरलेल्यांनी ४ जानेवारीला ठराव केला की सर्व न्याय्य सत्तेचा उगम जनतेत आहे. जनतेचे निम्म्याहून जास्त प्रतिनिधी तेव्हा बाहेर! ३० जानेवारीला राजाचा शिरच्छेद.

९ डिसेंबर
२० एप्रिल १६५३. उरलेल्यांच्या त्या सभागृहात सेनापती क्रॉमवेल आधी गुमान बसून ऐकत होता. मग उठला, सभासदांवर तोंडसुख घेतलं, बंदूकधारी आत बोलावून सगळ्यांना हाकललं. राजदंडाला खेळणं म्हणून हिणवून उचलायला लावला. चर्चेतलं विधेयक त्याने सोबत नेलं आणि ते आजतागायत सापडलेलं नाही. नव्या निवडणुका की रिकाम्या जागांची नुसती भरती, यावर इतिहासकार अजून भांडतात. ज्याच्यापायी हे सगळं झालं म्हणतात, तोच कागद गायब. सोयीचंच म्हणायचं.

१२ डिसेंबर
या बरखास्तीला संमती मात्र सभागृहाने दिली नव्हती. म्हणून १६५९मध्ये लष्करानेच बोलावल्यावर ही मंडळी जणू काल उठलो होतो अशा थाटात परत बसली. फेब्रुवारी १६६०मध्ये लंडनकरांनी त्यांच्या नावाने चौकाचौकांत होळ्या पेटवून मांस भाजलं. दहा दिवसांनी जनरल मंकने १६४८च्या हाकललेल्यांना आत घेतलं. त्यांत विल्यम प्रिन जुनाट तलवार लटकावून आला. पूर्वी राजाच्या न्यायालयाने कान छाटलेला हा वकील. लोकांनी त्याचा जयघोष केला. १६ मार्चला सभागृहाने स्वतःच्या मताने बरखास्ती केली. १६४१च्या कायद्यात तशीच अट होती.