कंपनीचे शॉकअप की आट्यांचे?

धुळ्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी अबार्थ पुंटो घेतली. ज्यांना गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. फियाटची पुंटो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहे. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात ती बनायची. त्याच गाडीत १.४ लिटरचं टर्बो इंजिन घालून, चारही चाकांना डिस्क ब्रेक देऊन, गाडी थोडी खाली बसवून कंपनीने २०१५ मध्ये तिची तिखट आवृत्ती काढली. ताकद १४५ अश्वशक्ती, सोबत विंचवाचं चिन्ह. किंमत तेव्हा दहा लाखांच्या आतबाहेर होती. फरारी-पोर्शे खान्देशात कोण चालवतो? आपल्या पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच.

आता तिचे शॉकअप गेले. पुढचे दोन्ही तेल टाकू लागले आणि मागचा एक खड्ड्यात खट्ट वाजू लागला. भाच्यापुढे दोन रस्ते होते. पहिला, कंपनीने दिले होते तसेच नवे शॉकअप आणि स्प्रिंगा बसवायच्या. दुसरा, आटे पाडलेले, उंची आणि कडकपणा हाताने बदलता येणारे, ज्यांना ही पोरं कॉइलओव्हर म्हणतात ते घ्यायचे. पहिल्याचा खर्च तीस हजारांच्या आसपास सांगितला गेला, दुसऱ्याचा सव्वा लाखाच्या. पोराने पगारातून एक लाख चाळीस हजार साठवले होते. आणि फोन आला तो मला, कारण आमचे अब्बा आग्रा रोडवर ट्रकच्या पाट्यांचं काम करायचे आणि घरात या विषयावर बोलायला मी एकटाच उरलोय.

"मामू, आट्यांचेच घेऊ ना?" असा तो प्रश्न होता. म्हणजे निर्णय झालेला होता, फक्त मोठ्यांचा होकार हवा होता.

स्प्रिंग आणि शॉकअप

आधी थोडं समजून घेऊ. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण तिला एकटं सोडलं तर ती नाचत राहते. तिचं नाचणं थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, दट्ट्या असतो, त्याला बारीक झडपा असतात. तेल त्या वाटेने जाताना अडतं आणि स्प्रिंगेचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणून लांबच्या खराब रस्त्यानंतर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा या तेलाची परीक्षाच असते. ते तापून पातळ झालं की शॉकअप ढिला पडतो.

आट्यांच्या संचात शॉकअपच्या नळीवर स्क्रूसारखे आटे असतात. त्यावरची चकती पान्याने फिरवली की गाडी वर-खाली होते. चांगल्या संचाला वर एक गुंडीही असते. ती टिकटिक फिरवून शॉकअप कडक किंवा मऊ करता येतो. पुंटोच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात आहेत, मागे मात्र दोन्ही वेगळे बसतात, म्हणून मागची उंची आणि मागचा शॉकअप वेगवेगळे लावावे लागतात. आणि एक गोष्ट दुकानदार हळू आवाजात सांगतो: उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. दर वेळी अलाइनमेंट करावी लागते, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात.

अब्बांचा पाटा

"फिरवता येणारं सस्पेन्शन" ही नवी गोष्ट आहे असं भाच्याला वाटतं. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने डीएस नावाची गाडी काढली, तिची उंची ड्रायव्हर बसल्या जागी बदलू शकायचा. आणि धुळ्यात तर आमच्या लहानपणी हे रोजचं होतं, फक्त त्याचं नाव वेगळं होतं. लग्नसराई आली की कुर्ल्यात बनलेल्या त्या प्रीमियर पद्मिनी रांगेत उभ्या राहायच्या आणि मागच्या कमानीत एक जादा पाटा भरून घ्यायच्या, म्हणजे आठ वऱ्हाडी बसले तरी गाडी टेकू नये.

ट्रकचंही तेच. रावेर-यावलची केळी दिल्लीकडे निघायची. केळीवाल्यांना ठाऊक असतं की घड ट्रकमध्ये मऊ बसला पाहिजे, नाहीतर आज हिरवा दिसणारा माल परवा मंडीत काळा डाग घेऊन उतरतो. पाटे कमी पडले तर ट्रक टेकतो, जास्त झाले तर उडतो आणि माल मार खातो. अब्बा प्रत्येक ट्रकवाल्याला एकच विचारायचे: "भरते काय आणि जाते कुठे?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी पाटा कापला नाही. रिकामा ट्रक बघून पाटे भरायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांचं प्रमाण ज्या धंद्यांत जास्त दिसतं त्यांत वाहनदुरुस्तीही आहे. आकडे आपण वाचतो, पण त्या आकड्याच्या आत किती ज्ञान आहे हे कोणी मोजत नाही. धुळ्या-जळगावच्या कुठल्याही चौफुलीवर शाळा सोडलेला एखादा चाचा गाडीचा कोपरा दोन हातांनी दाबतो, सोडतो, ती एकदा उठून थांबली की दोनदा हलली हे पाहतो आणि सांगतो कोणता शॉकअप गेलाय. हे शहाणपण पुस्तकात नाही, पण बहुतेक वेळा बरोबर निघतं.

भरते काय, जाते कुठे

मी भाच्याला तेच दोन प्रश्न विचारले.

जाते कुठे? तर आठवड्यातून एकदा धुळ्याहून जळगावला. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याला ५३ म्हणतात. फागणे-तरसोद चौपदरीकरण किती वर्षं रखडलं हे आपल्याला सांगायला नको. नवा रस्ता झाला तरी खाली जमीन आपली काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा डांबर लाटांसारखा उठतो. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. अशा रस्त्यावर चाकाला खाली-वर जायला जागा लागते. गाडी खाली बसवली की नेमकी तीच जागा आपण कमी करतो.

मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चाकांबरोबर गाडीचं पोटही हळूहळू चढतं. आपल्याकडे गावकरी रात्रीतून घालतात तो रुंदीला दोन हात आणि उंचीला अंदाजे. अबार्थ रिकामी असताना जमिनीपासून १५५ मिलिमीटर वर असते. चार माणसं आणि सामान बसलं की त्यातले तीन-चार सेंटिमीटर सहज जातात. त्याखाली अजून तीन सेंटिमीटर बसवली तर पारोळ्यापर्यंत पोट किती वेळा घासेल याचा हिशोब मी त्यालाच करायला लावला.

भरते काय? इथे तो गप्प झाला. कारण मागच्या सीटवर माझी मोठी बहीण, त्याची अम्मी, असते. आपाच्या मणक्याचा त्रास जुना आहे. जळगावला तिचे उपचार चालतात, आठवड्याची फेरी त्यासाठीच. शॉकअप गेल्यापासून ती घरी पोहोचल्यावर तासभर भिंतीला टेकून बसते आणि विचारलं तर म्हणते, "काही नाही, रस्ता खराब आहे."

त्याची बाजूही ऐकू

पोरगं मूर्ख नाही. त्याचे मुद्दे खरे होते आणि ते मी इथे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला, फियाटने आपल्याकडे या गाड्या बनवणं कधीच थांबवलं. अस्सल भाग शोधावे लागतात आणि जे मिळतात ते गोदामात किती वर्षं पडले होते कोण जाणे. रबर आणि तेलाचं सील न वापरताही म्हातारं होतं. दुसरा, आट्यांचा संच खालीच बसवावा असं थोडंच आहे? उंची मूळ ठेवायची आणि अम्मी बसली की गुंडी मऊ करायची. तिसरा, तो मित्रांबरोबर रविवारी पहाटे चाळीसगावमार्गे कन्नड घाटात जातो. तिथे वळणावर गाडी कलते, ते त्याला नको आहे. आणि एकदा तरी कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी न्यायचं त्याचं स्वप्न आहे.

यातला दुसरा मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो, म्हणून त्यावर थांबतो. शॉकअपची गुंडी मऊ होते, स्प्रिंग नाही. आट्यांच्या संचातली स्प्रिंग मुळात कडक असते, कारण ती खाली बसलेल्या गाडीला टेकू न देण्यासाठी बनवलेली असते. कडक स्प्रिंगेवर शॉकअप मऊ केला तर गाडी आरामशीर होत नाही, उडू लागते. केळीचा रिकामा ट्रक आठवा. शिवाय उघडे आटे आपल्या चिखल-धुळीत दोन पावसाळ्यांत जाम होतात. ते साफ करून, तेल लावून, फिरते ठेवायची तयारी हवी. हौशी माणसाला ती असते, नोकरी करणाऱ्याला रविवार एकच असतो.

कंपनीचा संच म्हणजे कुणीतरी आधीच दिलेलं उत्तर आहे. ही स्प्रिंग, हा शॉकअप, हा टायर, हे वजन, सगळं एकत्र बसवून महिनोनमहिने चालवून काढलेलं. पुण्यात एआरएआय १९६६ पासून गाड्या तपासतेय, धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्यापलीकडे पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक सुरू झाला. अशी साधनं हाताशी असलेल्या माणसांनीही तडजोडच केलेली असते, पण ती मोजून केलेली असते. आट्यांचा संच म्हणजे तोच प्रश्न पुन्हा तुमच्या हातात. ज्याला उत्तर काढता येतं, वेळ आहे, ट्रॅक आहे, त्याने जरूर घ्यावा. त्याच्यासाठी ती फजूलखर्ची नाही.

नाकाबंदी

एक गोष्ट गाड्यांच्या पुस्तकात येत नाही, पण आपल्या घरांत बोलली जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. शॉकअप बदलणं यात बसतं की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. रस्त्यावर वाद घालायला वकील नसतो.

खाली बसलेली, आवाज करणारी गाडी, आत तीन तरुण, लायसनवर आपलं नाव आणि धुळ्यासारखं शहर, ज्याने २००८ आणि २०१३ पाहिलंय. अशा गाडीकडे बघायची नजर वेगळी असते, हे आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही आईला विचारा. मी भाच्याला हौस सोड म्हणालो नाही. घाबरून जगायचं असतं तर त्याने विंचवाची गाडी घेतलीच नसती. एवढंच म्हणालो की ज्या बदलाचा कागद दाखवता येत नाही, त्याची किंमत सव्वा लाखापेक्षा जास्त असू शकते. अपघात झाला तर विमावालाही आधी तिथेच बोट ठेवतो.

शेवटी काय केलं

निर्णय त्याचाच. त्याने कंपनीच्या मापाचे नवे शॉकअप घेतले, बनवल्याची तारीख पाहून. सोबत वरचे माउंट, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉडही बदलले. जुन्या बुशावर नवा शॉकअप म्हणजे फुटक्या माठाला नवं झाकण. चारही टायर चांगले घेतले, कारण रस्त्याला टेकतं ते शेवटी टायरच. अलाइनमेंट करून सगळं मिळून साठ हजारांच्या थोडं वर गेलं. उरलेले पैसे बँकेत आहेत.

कन्नड घाटात गाडी अजून त्याच्या मनासारखी वळत नाही, हे तो मला दर आठवड्याला सांगतो. खरंच आहे ते. त्याने काहीतरी सोडलंय आणि ते त्याला खुपतं. कोइंबतूरचं स्वप्नही जागेवर आहे. पुढे आट्यांचा संच घेतलाच तर फक्त ट्रॅकसाठी एक वेगळी, जुनी, स्वस्त गाडी घ्यायची असं त्याचं नवं गणित आहे.

तुमच्या घरातही असा एखादा पोरगा असेल. त्याला नाही म्हणू नका, हो म्हणायचीही घाई नको. गाडीचा कोपरा दाबून दाखवा, रस्त्याचं नाव विचारा, मागच्या सीटवर कोण बसतं ते विचारा. मग त्याला ठरवू द्या.

परवा आपा जळगावहून परतली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. भिंतीला टेकली नाही.