दोन साष्टी, दोन आगाशी

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले. मजकूर पोर्तुगीजमधला, साल १९०३. चर्चचं नाव 'एस्पिरितु सांतु', म्हणजे पवित्र आत्मा. वरच्या कोपऱ्यात दमांव, म्हणजे दमण, धर्मप्रांताचा उल्लेख. गावाच्या नावावर नेमकी घडी येऊन मूळ कागद फाटलेला. घरात दोन तट पडले होते. थोरल्याचं म्हणणं, आपण दमणचे. धाकट्याचं म्हणणं, मडगावचे, कारण तिथल्या मोठ्या चर्चचं नाव तेच आहे. शिवाय धर्ममातेच्या नावापुढे 'आगासाइं' असं स्पष्ट वाचता येत होतं, आणि गोव्यात झुआरीच्या काठी आगशी आहेच. दोघंही आपापल्या समजुतीच्या गावी जाऊन हात हलवत परत आले होते.

घराण्यांचे जुने कागद वाचणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम. कागदावर गावाचं नाव दिसलं की माणसं आधी नकाशा उघडतात. मी आधी साल बघते. त्या साली तिथे अंमल कोणाचा होता आणि लिहिणारा कोणाचा माणूस होता, हे कळल्याशिवाय गावाचं नाव लागत नाही. १९०३ साली गोव्याचा आपला वेगळा महाधर्मप्रांत होता, त्यामुळे मडगावच्या दाखल्यावर दमांव येणार नाही. आणि दमांव धर्मप्रांत हा दमण शहरापुरता नव्हता. १८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, त्यातून तो उभा राहिला. वसई आणि मुंबईजवळच्या साष्टीतली पोर्तुगीज अखत्यारीतली चर्चं त्याच्याकडे आली आणि १९२८ पर्यंत राहिली. राज्य इंग्रजांचं, जिल्हा ठाणे, पण चर्चचा कारभार पोर्तुगीज परंपरेतला. दाखला पोर्तुगीजमध्ये का, याचंही उत्तर इथेच मिळतं.

आता त्या हद्दीत पवित्र आत्म्याचं चर्च शोधायचं. वसई तालुक्यात नंदाखालचं चर्च त्याच नावाचं आहे, सोळाव्या शतकातलं. आणि नंदाखालच्या शेजारी, विरारच्या पश्चिमेला, आगाशी. पोर्तुगीज त्याही गावाला आगासाइंच लिहीत. दाखल्यावरची धर्ममाता गोव्याहून आलेली नव्हती, ती शेजारच्या गावची होती. नंदाखालच्या जुन्या नोंदवहीत आजोबांचं नाव मिळालं, त्यांच्या वडिलांच्या लग्नाची नोंदही. गृहस्थ बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते.

या किनाऱ्यावर नावांच्या अशा जोड्या बऱ्याच आहेत. साष्टी दोन: एक मुंबईच्या उत्तरेची, एक मडगावची. दोन्हींचं मूळ सहासष्ट गावं असंच सांगतात, त्यामुळे देवनागरीत लिहूनही फरक कळत नाही. बांदोरा दोन: एक आपलं वांद्रे, दुसरं फोंड्याजवळचं बांदोडे. वसईची जोडी तर थेट ब्रह्मदेशात आहे. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातलं तांदळाचं बंदर इंग्रजांच्या कागदात 'बसीन', आणि आपली वसईही 'बसीन'. ते बंदर आता पाथेन म्हणून ओळखलं जातं. म्हणून एकट्या नावावर मी कधी विसंबत नाही. शेजारचं गाव, नदी, तालुका, साक्षीदाराचा पत्ता, यांतलं काहीतरी जोडीला लागतंच.

एका कुटुंबाने हौसेने जुनी पत्रं टाइप करून घेतली होती. टाइप करणाऱ्याने चांगल्या हेतूने प्रत्येक 'बसीन'ची 'वसई' केली. मूळ पत्रं पुढे वाळवीने गेली. त्या घरातला एक माणूस ब्रह्मदेशात नोकरीला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याची कोणती पत्रं ब्रह्मदेशातली आणि कोणती घरून लिहिलेली, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. तेव्हापासून मी हात जोडून सांगते: नाव सुधारू नका. जसं आहे तसं उतरवा, चुकीचं वाटलं तरी. ती चूकच पुष्कळदा लिहिणाऱ्याचा पत्ता देते.

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. प्रत्येक गावाला एक पान. वर लोकांच्या तोंडचं नाव, खाली कागदांतली रूपं, प्रत्येकापुढे साल. वसईचं पान भरून गेलंय. १५३४ पासून पोर्तुगीजांचं 'बासाइं'. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यानंतरचं 'बाजीपूर'. इंग्रजांचं 'बसीन', पुढे रेल्वेचं 'बसीन रोड', आणि मग 'वसई रोड'. पोर्तुगीज रूप लिहिताना 'सी' या रोमन अक्षराखाली शेपूट काढतात, तेव्हा त्याचा उच्चार स होतो. नवखे ते शेपूट बघत नाहीत आणि 'बाकाइम' वाचतात. मग असलं गाव कुठेच सापडत नाही. मी त्यांना नाव मोठ्याने म्हणायला लावते. बासाइं, बसीन, वसई, असं एकापाठोपाठ म्हटलं की कानाला लगेच ओळख पटते. पोर्तुगीजाने वसई ऐकली तशी लिहिली, इंग्रजाने पोर्तुगीजाकडून घेतली. गावातली माणसं वसईच म्हणत राहिली.

एक पान जोडायला मी स्वतःच उशीर केला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. तेव्हा आज जन्माला आलेल्या मुलाच्या दाखल्यावर पालघर आहे, त्याच्या बापाच्या दाखल्यावर ठाणे, घर तेच. पन्नास वर्षांनी कुणीतरी यावरून नक्की भांडेल.

तुमच्या घरात एखादी पत्र्याची पेटी असेल तर या आठवड्यात ती उघडा. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, शाईने नको: गावाचं आजचं नाव, तालुका, जिल्हा, आणि आजची तारीख. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर लहानपणी त्या गावाला काय म्हणायचे, ते त्यांच्या तोंडून ऐका आणि त्यांनी म्हटलं तसंच लिहा.