पंप खोलण्याआधी

निफाडहून कांदा भरून लासलगावच्या बाजार समितीकडे निघालेली जुनी डिझेल पिकअप वाटेत पुन्हा पुन्हा बंद पडली, की संशय थेट इंजिनाच्या डिझेल पंपावर जातो. मला हे पटत नाही. ऐन हंगामात पंप खोलून दुरुस्त करण्याचा खर्च शेतकऱ्याला जड जातो. प्रायमर मारल्यावर गाडी चालते आणि थोड्या वेळाने पुन्हा मरते, तेव्हा बहुधा नळीत हवा शिरत असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो. टाकीकडच्या नळीला बारीक चीर पडली तर डिझेल गळेलच असे नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून नळी कोरडी आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. जुना पंप झिजतो, हे मान्य. पण झिजलेला पंप सहसा तापलेले इंजिन सुरू करतानाच छळतो. आधी फिल्टरमधले पाणी काढावे, पंपाआधी पारदर्शक नळी जोडावी. तिच्यात बुडबुडे दिसले, तर पंपाला पाना लावायची घाई कशाला?