जातिलुविह : पाण्याच्या वाटणीवर उभे असलेले गाव

बाली बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॉटेले आणि बाजारपेठा मागे टाकून मोटार तबानान जिल्ह्यात शिरली, की हळूहळू दृश्य पालटू लागते. रस्ता अरुंद होत चढू लागतो, हवेत गारवा येतो आणि बातुकारू पर्वताच्या उतारावर भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरताना दिसतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले हे जातिलुविह. दुपारच्या वेळी येथे पर्यटकांची वर्दळ असते. परंतु जो प्रवासी एक-दोन रात्री मुक्काम करतो, त्याला पहाटे आणि सायंकाळी पाटाच्या पाण्याखेरीज फारसा आवाज ऐकू येत नाही.

या पाण्याच्या व्यवस्थेला ‘सुबाक’ म्हणतात. इसवी सनाच्या नवव्या शतकापासून चालत आलेली ही शेतकऱ्यांची सहकारी पाटबंधारे संस्था होय. एका पाटावर ज्यांची खाचरे भिजतात, ते सारे एका सुबाकचे सभासद. पाटाच्या फाट्यावर लाकडी ओंडक्याला खाचा पाडून ठेवलेल्या असतात; ज्याची जितकी जमीन, त्या प्रमाणात त्याच्या वाट्याचे पाणी त्या खाचेतून वाहते. लागवड केव्हा करावयाची, पाट केव्हा दुरुस्त करावयाचा, हे सभेत ठरते. त्या सभेचा प्रमुख ‘पेकासेह’. खानदेशातील फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की येथे प्रत्येक बंधाऱ्याला जोडून जलमंदिर असते आणि पाण्याचे वेळापत्रक त्या मंदिरांच्या उत्सवांशी बांधलेले असते. देव, माणूस आणि निसर्ग यांच्यात सलोखा राखणाऱ्या या विचाराला बालीचे लोक ‘त्रि हित करण’ म्हणतात. शब्द संस्कृतातूनच गेलेले आहेत. २०१२ साली युनेस्कोने पाच ठिकाणची खाचरे व त्यांची जलमंदिरे मिळून १९,५०० हेक्टरचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून मान्य केला. जातिलुविह त्यातच येते.

ही व्यवस्था केवळ श्रद्धेची बाब आहे, असे एकेकाळी सरकारी तज्ज्ञांनाही वाटले होते. १९७० च्या दशकात अधिक उत्पन्नासाठी नवे बियाणे आले आणि प्रत्येकाने शक्य तितक्या वेळा पीक घ्यावे, असा आग्रह धरण्यात आला. सामायिक वेळापत्रक मोडले. परिणामी पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि किडीचा प्रादुर्भाव वाढला. सारी खाचरे एकाच वेळी रिकामी राहिली, तर किडीला आसरा उरत नाही. हा हिशेब जुन्या वेळापत्रकात दडलेला होता. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी संगणकाच्या साहाय्याने तो मांडून दाखविला आणि १९९१ साली आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केला.

गावातील दिनक्रमही असाच सामुदायिक आहे. प्रत्येक कुटुंब आपल्या वस्तीच्या ‘बंजार’चे सभासद असते, मंदिराची सेवा, विवाह, अंत्यविधी यांत हजेरी हे कर्तव्यच. शक संवत्सराचा पहिला दिवस, महाराष्ट्रात गुढीपाडवा येतो त्याच सुमारास, येथे ‘न्येपी’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अग्नी व दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. बेटाचा विमानतळही पूर्ण दिवस बंद असतो. पाहुण्यालाही घराबाहेर पडता येत नाही. शाकाहारी प्रवाशाने मात्र एक सावधगिरी बाळगावी. तेथील चटण्यांत ‘तरासी’, म्हणजे कोळंबीचे वाटण, सहज मिसळलेले असते. भाजीच्या पदार्थांविषयीही विचारून घ्यावे.

अशा शांततेत दोन दिवस काढल्यावर व्यापारी कुटुंबातील पाहुण्याच्या मनात येथे थोडी जागा घ्यावी, असा विचार येणे स्वाभाविक आहे. दर सांगण्याचे मापही त्याच्या परिचयाचे निघते. बालीत जमिनीचा भाव ‘आर’वर, म्हणजे १०० चौरस मीटरवर सांगतात. सातबारा उताऱ्यावरचा तोच आर. जवळजवळ एक गुंठा.

मात्र साम्य येथेच संपते. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क केवळ तेथील नागरिकास मिळतो. महाराष्ट्रात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, हे जाणणाऱ्यास यात नवल वाटू नये. तरीही ‘स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, पैसा तुमचा,’ असे सुचविणारे दलाल भेटतात. मराठीत याला बेनामी म्हणतात. त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही.

कायदेशीर मार्ग प्रामुख्याने मुदतीचे आहेत. सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे २५-३० वर्षांचा भाडेपट्टा. त्याचा दर दर आरी दर वर्षी सांगतात आणि पुष्कळदा सर्व वर्षांची रक्कम एकदम घेतात. म्हणजे ५ आर जागा २५ वर्षांसाठी घेतल्यास सांगितलेल्या दराच्या १२५ पट रक्कम पहिल्याच दिवशी द्यावी लागते. वहीत ती भांडवली मालमत्ता नव्हे, आगाऊ भाडे आहे. दर वर्षी तिचे मूल्य घटत जाते. मुदतवाढीचा दर करारात लिहिलेला नसेल, तर शेवटी पाहुण्याच्या हाती काहीच उरत नाही. भारतातून पैसा पाठविताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीस आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशातील मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते.

परंतु सर्वांत महत्त्वाची चौकशी कागदात सापडत नाही. ती पाटावर जाऊन करावी लागते. उतारावरील एखादे खाचर भरून तेथे बंगला उभा राहिला, की त्यातून खाली जाणारे पाणी अडते किंवा वळते. खालच्या शेतकऱ्याचा वाटा बिघडतो. सभासद कमी झाले, तर पाटाची दुरुस्ती आणि मंदिराचा खर्च उरलेल्यांच्या अंगावर पडतो. अशी चार-सहा खाचरे गेली, तर शतकानुशतके चाललेले वेळापत्रक पुन्हा मोडेल. आणि ज्या हिरवळीसाठी पाहुण्याने रक्कम मोजली, तीच त्याच्या खिडकीतून दिसेनाशी होईल. त्या गावात विकला जाणारा तुकडा नकाशावर सुटा दिसतो. पाण्याच्या दृष्टीने तो कधीच सुटा नसतो.

म्हणून जातिलुविहला जाणाऱ्याने शेतकऱ्याच्या घरी खोली घ्यावी, सकाळी बांधावरून चालावे आणि परतताना तेथील तांबडा तांदूळ विकत घ्यावा. त्या पैशातून बंधाऱ्याची डागडुजी होते आणि खाचर ज्याचे आहे, त्याच्याकडेच राहते. चार वर्षांनी पुन्हा गेल्यावर पाटाचा तोच आवाज ऐकू आला, तर त्या गुंतवणुकीवर याहून चांगला परतावा कोणता?