घोड्यावर कोण होतं?

१० नोव्हेंबर २०२४ ला तमिळ लेखक इंदिरा सौंदरराजन गेल्याची बातमी आली आणि आमच्या सात चुलत-आते भावंडांचे फोन रात्रभर वाजत राहिले. कुणी पुण्यात, कुणी चेन्नईत, एक सिंगापूरला. ज्याचा फोन येई त्याचा पहिला प्रश्न एकच, ‘तो भाग आठवतो?’ कुठला, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

आमचं घर तंजावरजवळच्या ओरत्तनाडूचं. सरफोजी राजांनी बांधलेल्या मुक्तांबा छत्रापासून हाकेच्या अंतरावर. रामेश्वरला निघालेल्या वाटसरूंना तिथे जेवण मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, पोरांना शिक्षण मिळे. छत्राच्या जोत्यात दगडी हत्ती-घोडे कोरलेत, साऱ्या इमारतीचा रथ करून ओढत असल्यासारखे. आमच्या घरात भांडण मराठीत, देवपूजा मराठीत. टीव्ही तमिळ. मालिका संपली की तिच्यावरची मतं पुन्हा मराठीत.

१९९७-९८ मध्ये सन टीव्हीवर ‘मर्मदेशम्’ मालिकेतली ‘विडादु करुप्पु’ लागायची. लेखन इंदिरा सौंदरराजन यांचं, दिग्दर्शन नागांचं, निर्मिती के. बालचंदर यांच्या संस्थेची. बालचंदर मूळचे नन्निलमकडचे, म्हणजे आमच्याच जुन्या तंजावर जिल्ह्यातले. त्यामुळे आजोबा मालिकेबद्दल घरातल्या कार्यासारखं बोलत. गोष्ट एका खेड्याची. वाईट वागणाऱ्याला करुप्पुसामी शिक्षा करतो, असं गाव मानतं, आणि माणसं खरोखरच मरत असतात. नावाचा अर्थच ‘करुप्पु सोडणार नाही’.

करुप्पु आम्हाला टीव्हीनं दाखवला नव्हता. आमच्या भागात गावाबाहेर पडणाऱ्या वाटेवर तो असतोच: मोठ्या मिशा, हातात कोयता, पुढ्यात मातीचे घोडे. आजीनं त्याचं नातं केव्हाच लावून टाकलं होतं. ‘आपला खंडोबाच तो, इकडे नाव वेगळं,’ म्हणायची. पडद्यावर टापा वाजू लागल्या की आम्ही धाकटे तिच्या पदराला धरून बसत असू. रात्री छत्राचे दगडी घोडेही सुटतात यावर आम्हा साऱ्यांचा विश्वास होता. अंधारात त्या बाजूला जायची कुणाची छाती नव्हती.

भाग आठवड्यातून एकदा. मधले दिवस आम्ही खुनी शोधायचो. थोरली अक्का वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायची, रोज एखादं खोडायची. हल्ली सगळी मालिका एका रात्रीत बघून होते. त्या वाट बघण्याच्या दिवसांचं मोल मला आता कळतं. उत्तर मिळायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं स्वतःचं उत्तर तयार केलेलं असायचं, आणि ते सोडायला कुणी राजी नसायचं.

मग तो भाग आला. करुप्पु म्हणून हिंडणारा माणूसच निघाला. चेतन यांनी केलेला तो साधा, आवडता तरुण. लहानपणी मन दुभंगलेलं, एकाच देहात दोघं, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही.

सॉलिडेअर टीव्हीचा आवाज बंद केला तरी कुणी उठेना. आजोबा आधी बोलले. ते नाराज होते. ‘भीती होती ती चांगली होती. आता उद्या गाव कशाला भिईल?’ काका शाळेत विज्ञान शिकवत. त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. अंगात येणं म्हणजे काय, हे वर्गात सांगून जे पटलं नाही ते एका मालिकेनं घराघरात सांगितलं, असं ते पुन्हापुन्हा म्हणत होते. दूध घालणाऱ्या बाई उंबऱ्याशी उभ्या राहून बघायच्या. करुप्पु त्यांचा कुलदेव. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘कुणाच्या अंगात यायचं ते सामीच ठरवतो. या पोराला निवडलं त्यानं.’ आई एवढंच म्हणाली, ‘लहानपणी कुणी त्याला जवळ घेऊन बसलं असतं तर?’

मला आजही आईचंच मत सगळ्यांत खरं वाटतं.

आजी मात्र गप्प होती. तिच्या हातातल्या डबऱ्यात कॉफी निवली होती, वर जाड साय धरली होती. ती बोटानं साय कडेला लावत राहिली. मग काकांना म्हणाली, ‘असल्याला गोळ्या असतात का रे?’

‘असतात की.’

‘मग आपल्या हिला असत्या का?’

‘ही’ म्हणजे आमची धाकटी आत्या. आम्ही तिला फोटोतच पाहिलेली. तिला कुणीतरी हाका मारायचं, ती उत्तरं द्यायची. तिला एका देवस्थानी मंडळभर, म्हणजे ४८ दिवस, नेऊन ठेवलं होतं. परत आली ती मागच्या खोलीतच राहिली आणि तिथेच गेली. काकांनी उत्तर दिलं नाही. आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला होता.

पुढे ६ ऑगस्ट २००१ ला एरवाडीत आग लागली. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या त्या गावी मनोरुग्णांना गवती छपराखाली साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं. २८ जण त्या आगीत गेले, पळता आलं नाही म्हणून. आजीनं ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. ‘आम्ही साखळी नव्हती लावली,’ ती म्हणाली. ‘माझं जुनं लुगडं होतं. मऊ.’

एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या फोनच्या रात्री अक्कानं जे सांगितलं ते कुणालाच माहीत नव्हतं. तो भाग झाल्याच्या दुसऱ्या सकाळी ती आजीबरोबर ओट्यावर होती. दूध मोजून झाल्यावर आजीनं बाईंना थांबवलं. बाईंच्या भावाचा मुलगा वर्षभर कुणाशी बोलत नव्हता, रात्री शेतात फिरायचा. अंगात सामी येतो म्हणून घरचे त्याला सांभाळून होते. आजी म्हणाली, ‘करुप्पूला लिंबू वाहा. आणि पोराला तंजावरला मोठ्या दवाखान्यात ने. दोन्ही कर.’ कनवटीचे पैसे काढून तिनं दोघांचं बसभाडं दिलं आणि वर डॉक्टरांसाठी म्हणून काकांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली.

‘मग नेलं का त्याला?’ सिंगापूरच्या भावानं विचारलं.

नेलं, अक्का म्हणाली. ती शाळेला निघाली होती तेव्हा पट्टुक्कोट्टैहून येणारी बस स्टँडवर उभी होती. खिडकीशी तो मुलगा बसला होता, केसांना तेल लावून, धुतलेल्या सदऱ्यात. देवाला वाहिलेलं लिंबू त्याच्या मुठीत होतं, आणि बाई चिठ्ठी ब्लाउजमध्ये आहे ना, हे पुन्हापुन्हा चाचपून बघत होत्या.