माळ्यावरचा दोर

आज माळा आवरताना अब्बांचा दोर सापडला. चाळिसावाही होऊन गेला, तरी नया नगरच्या या दोन खोल्यांत त्यांच्या बुटांची माती अजून कुठे कुठे निघतेच. शनिवारी रात्री सॅक भरायची, पहाटेच्या लोकलने मीरा रोडहून निघायचं. उन्हाळ्यात परतताना अम्मीसाठी पळसाच्या पानात करवंदं. रमजानात मात्र फक्त घोडबंदरचा किल्ला, तोही इफ्तारच्या आत परत.

हरिश्चंद्रगड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उंची १,४२४ मीटर. पण ते उंचीचं कधी बोलत नसत. सांगायचे ते केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढं गार पाणी आणि चारांपैकी शाबूत राहिलेला तो एकच खांब. जानेवारी २०२० मध्ये गडाच्याच कोकणकड्यावर रॅपलिंग करताना गिर्यारोहक अरुण सावंत गेले, त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. नंतर घरातला प्रत्येक दोर बोटांतून सरकवत तपासला. झिजलेला एक कापून टाकला.

हा मात्र चांगला आहे. टोकाला त्यांनी मारलेली आठाच्या आकड्याची गाठ तशीच घट्ट. धाकटी ती सोडवायला बसली.

"राहू दे बेटा," म्हटलं.